भिवरा कासारीण आणि तीस दात्यांचे चक्र

एका राज्यात राजा दगडाचा होता.

जन्मापासून नव्हे हो. बारा वर्षांमागे भर दरबारात मुजरे घेता घेता राजा हिरण्यबाहू पायाच्या अंगठ्यापासून मुकुटापर्यंत पाषाण झाला. वैद्य आले, ज्योतिषी आले, जेवून गेले. मग आला कृतांतक. अंगात राखाडी झगा, हातात रुप्याची काठी. हा कोण, कुठला, कोणाच्या सांगण्यावरून आला, हे कोणी विचारले नाही. झगा इतका सुरेख शिवलेला होता की विचारायचे कोणाला सुचलेच नाही.

कृतांतक म्हणाला, "राजा उठेल. त्याला विधी आहे. विधी मी करीन, आज्ञा तुम्ही पाळा."

त्याने दरबारात एक सागवानी चक्र उभारले. चक्राला तीस दाते आणि दोन मुठी. शेजारी दोन हात जाड भिंत, भिंतीपलीकडे कोठडी, कोठडीत दगडी पाट. दर पौर्णिमेला भर दुपारी चिठ्ठ्या निघत. एकाने पाटावर बसायचे. त्याचे नाव कोणाला कळू द्यायचे नाही. दोघांनी मुठी धरून चक्र फिरवायचे. एक दाता सरकला की पाटावरच्या माणसाच्या अंगात कळ उठे आणि थोडा दगड वर चढे. तिसाव्या दात्याला माणूस पुरता पाषाण. "त्याची ऊब राजाला पोहोचते," असे कृतांतक सांगे.

पोहोचली का? राजाची मिशीसुद्धा हलली नाही. वाड्यामागच्या अंगणात दगडी माणसांची रांग मात्र वाढत गेली. आणि कृतांतकाच्या केसांत बारा वर्षांत एक पांढरा केस आला नाही.

तुम्ही म्हणाल, त्या राज्यातली माणसे दुष्ट असतील. छे! पायाखाली मुंगी आली तर दिवसभर हळहळणारी माणसे ती. पण चक्राकडे जाताना दारातच कृतांतक त्यांच्या कपाळाला राख लावी आणि म्हणे, "काम राजाचे, पाप माझ्या माथी." पाप दुसऱ्याच्या माथी गेले की हात किती हलके होतात, ते ज्याचे त्याला ठाऊक. शिवाय एक नियम होता. ज्या जोडीने एकदा चक्र फिरवले, तिनेच पुढच्या दोन पौर्णिमांनाही फिरवायचे. एकदा केले की माणूस दुसऱ्यांदा कुरकुरत नाही, हे त्या धूर्ताला पक्के माहीत होते.

आता भिवरेचे ऐका.

भिवरा कासारीण. बांगड्या भरण्यात तिचा हात धरणारे पंचक्रोशीत कोणी नव्हते. बांगडी नेटकी बसायची तर हात थोडा दाबावा लागतो, आणि हात दाबला की बाई "आई गं" म्हणतेच. त्यातले कोणते लाडाचे आणि कोणते खरे, हे ओळखणे म्हणजे कासारणीची विद्या. लाडाचे असेल तर भिवरा म्हणे, "थोडं सोस, आता गेलीच." खरे असेल तर तिथेच थांबे आणि मोठ्या मापाची बांगडी काढी. वीस वर्षांत तिच्या हातून कोणाच्या मनगटाला ओरखडा गेला नव्हता. याचा तिला अभिमान होता आणि तो रास्तच होता.

एका पौर्णिमेला मुठीच्या चिठ्ठीत तिचे नाव निघाले. दुसऱ्या मुठीला धोंडाप्पा तेली. साठी उलटलेला, आपल्या घाण्याच्या बैलालाही कधी उलटून न बोललेला माणूस.

पहिला दाता सरकला. काही झाले नाही. पाचव्याला भिंतीपलीकडून आवाज आला, "आई गं!" भिवरेचा हात सवयीने थांबला.

कृतांतक तिच्या कोपराशीच उभा होता. म्हणाला, "फिरवा."

"महाराज, पलीकडे दुखते आहे."

"विधी थांबत नाही."

दहाव्या दात्याला किंकाळी आली. भिवरेने धोंडाप्पाकडे पाहिले, धोंडाप्पाने भिवरेकडे. तो फिरवीत होता म्हणून ती फिरवीत राहिली, ती फिरवीत होती म्हणून तो.

"राजासाठी हे आवश्यक आहे," कृतांतक म्हणाला. पंधराव्याला म्हणाला, "तुम्हांला दुसरा मार्ग नाही."

मग भिवरेच्या तोंडून काय निघावे? भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "थोडं सोस, आता झालंच." विसाव्या दात्यानंतर पलीकडे सामसूम झाली आणि चक्र सोपे गेले. तीस दाते पुरे झाले.

परतताना वाट अंगणातून होती. रांगेच्या शेवटी शिपायांनी नुकताच आणून ठेवलेला नवा दगड होता. दगडी मनगटावर सहा हिरव्या बांगड्या. काच काचच राहिली होती. त्या बांगड्या आठच दिवसांमागे भिवरेने स्वतः भरल्या होत्या, चिमा नावाडिणीला. चिमा म्हणजे तिच्या माहेरगावची, एका पानात जेवलेली, तिची जिवाची मैत्रीण.

भिवरेने त्या बांगड्यांना हात लावला. ती तिथेच बसली आणि मोठ्याने रडली. रडून दगड विरघळत नाही, हे तिला ठाऊक होते, तरी रडली.

अंगणातल्या उंबरावर एक धनेश पक्षी बसला होता, आपल्या भल्यामोठ्या चोचीने उंबरे खात. तो म्हणाला, "रडू नकोस. तिचे काळीज अजून मऊ आहे."

भिवरा म्हणाली, "पक्षिराज, काळीज कधीपर्यंत मऊ राहील?"

"पुढच्या पौर्णिमेच्या सूर्यास्तापर्यंत. तेव्हा चक्राला बारा वर्षे भरतील, नंतर तिचेच काय, रांगेतल्या साऱ्यांची काळजे दगड. चक्र एकदा मध्येच थांबले तर उलटे फिरेल आणि सारे सुटतील. बारा वर्षांत ते एकदाही थांबलेले नाही."

"कसे थांबवू ते सांगा."

"सांगून समजले असते तर मी पक्षी झालो नसतो. मी या राज्याचा न्यायाधीश. चक्र उभे राहिले तेव्हा दरबारात एवढेच विचारले, 'कोणाच्या आज्ञेने?' तेव्हापासून उंबरे खातो आहे. तू तीन कामगिऱ्या कर. उत्तरेच्या विहिरीवरून घागरभर पाणी घेऊन डोंगर उतर. पूर्वेच्या बागेत जा आणि शंभर फळे न तोडता बाहेर ये. दक्षिणेच्या नदीकाठी दोन्ही पायांवर उभी राहा."

"एवढेच?"

"एवढेच. अजून कोणाला जमलेले नाही."

भिवरा तशीच निघाली. आठव्या दिवशी उत्तरेच्या डोंगरावर पोहोचली. विहिरीच्या काठावर एक यक्ष बसला होता. डोक्याला जरीचा फेटा, अंगाला केवड्याचे अत्तर. भिवरेने पाणी शेंदले, घागर भरली. यक्ष जवळ येऊन म्हणाला, "ओत." तिने ओतली. पुन्हा भरली. तो म्हणाला, "ओत." तिने ओतली. त्याच्या हातात काठी नव्हती, सोटा नव्हता. तो फक्त जवळ उभा राही, अत्तराचा वास येईल इतका जवळ, आणि एक शब्द बोले. आजूबाजूला पुष्कळ माणसे भरीत होती आणि ओतीत होती. एकाची दाढी गुडघ्यांवर आली होती.

सात वेळा ओतून झाले. आठव्या वेळी यक्षाची जेवायची वेळ झाली आणि तो पलीकडच्या सुळक्यावर गेला. तिथून तो ओरडला, "ओत!" आवाज तोच, शब्द तोच. पण केवड्याचा वास नव्हता. भिवरेने घागरीकडे पाहिले, उताराकडे पाहिले आणि चालू लागली.

दाढीवाला म्हणाला, "बाई, त्यांनी ओत म्हटलंय."

"ते जेवायला गेलेत."

"पण म्हटलंय ना!"

आता या माणसाला काय सांगावे? भिवरा डोंगर उतरली. पाणी वाटेत पिऊन टाकले, कारण ऊन फार होते.

पूर्वेच्या बागेत एक राक्षसीण राहत होती, ताडाएवढी उंच. तिने भिवरेच्या हाती वीस हातांची आकडी दिली आणि म्हणाली, "शंभर फळे तोड. बागेचा नियम आहे." भिवरेने आकडी लावली, फळ खाली आले. वर कुठेतरी बारीक आवाज झाला. वारा असेल, मांजर असेल. दुसरे तोडले, दहावे तोडले. दहा झाली तशी अकराव्याला काय हरकत? त्रेसष्ट फळे झाली आणि आकडीचे टोक मोडले.

"हाताने तोड," राक्षसीण म्हणाली.

भिवरा झाडावर चढली. फळ मुठीत धरले, तर ते ऊन ऊन होते आणि आत नाडी उडत होती, पहिल्यांदा बांगडी भरायला आलेल्या पोरीच्या मनगटासारखी. फळ म्हणाले, "आई गं."

हे खरे होते. वीस वर्षांची विद्या हाताशी होती, ती तिथे जागी झाली. भिवरा खाली उतरली. म्हणाली, "मी तोडणार नाही."

राक्षसिणीने दाराएवढे तोंड उघडले आणि गर्जना केली. पाने गळाली. भिवरेने डोळे मिटून घेतले. बऱ्याच वेळाने उघडले, तर राक्षसीण अजून ओरडतच होती. ओरडण्यापलीकडे तिला काही येत नव्हते. भिवरा फाटकातून बाहेर पडली. पण खाली पडलेली ती त्रेसष्ट फळे तिच्या डोळ्यांपुढून जाईनात.

आणि दक्षिणेच्या नदीकाठी काय पाहावे? चाळीस-पन्नास माणसे एका पायावर उभी! समोर दगडावर एक बगळा, डोक्याला सरकारी पागोटे. बगळा म्हणाला, "एक पाय वर." भिवरेला हसू आले. पण सगळी वाकून तिच्याकडे पाहू लागली तशी तिनेही पाय उचलला. हसू नका, तुम्हीही उचलला असता. सकाळची दुपार झाली. मग तिच्या शेजारची एक म्हातारी म्हणाली, "मेलं माझं गुडघं," आणि तिने पाय खाली टेकला. आभाळ कोसळले नाही. भिवरेने लगेच टेकला. तिसऱ्याने टेकला, दहाव्याने टेकला, मग कोण कितवा ते कळेना. बगळ्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि तो उडून गेला. पागोटे चिखलात पडले.

"आजी, तुम्ही आधी का नाही टेकलात?" भिवरेने विचारले.

"कोणीच टेकत नव्हतं गं," म्हातारी म्हणाली.

तुमची अपेक्षा असेल की भिवरेला आता एखादी मंत्रलेली तलवार मिळाली असेल, निदान अंगठी तरी. काही नाही. गेली तशी रिकाम्या हातांनी ती पौर्णिमेच्या सकाळी परत आली.

दुपारी चोपदाराने ललकारी दिली. दारात कृतांतकाने राख लावली. "काम राजाचे, पाप माझ्या माथी." भिवरेने मनाशी ठरवले होते की दारातच नाही म्हणायचे. पण समोर तो उंच दरबार, समया पेटलेल्या, नगारची नगाऱ्यापाशी, शिपाई खांबांपाशी, दगडी राजा सिंहासनावर. जो तो आपापल्या जागी. एक जागा तेवढी रिकामी, तिच्या मुठीची. ती गेली आणि तिने मूठ धरली.

नगारा वाजला. पहिला दाता सरकला. दुसरा सरकला. अहो, तीन दिशा पायाखाली घालून आलेली बाई ती! पण डोंगरावर आलेले शहाणपण दरबारात शिरताना चपलांबरोबर दाराशीच राहते. मला तिचा राग येतो आणि तिची कीवही येते. तिसरा दाता सरकला आणि भिंतीपलीकडून कोणी म्हणाले, "आई गं!"

भिवरा थांबली.

"फिरवा," कृतांतक म्हणाला.

"महाराज, मी थांबते."

"विधी थांबत नाही."

तो तिच्या कोपराशी उभा होता. झग्याला कापराचा वास होता. भिवरेने मूठ सोडली आणि एक पाऊल मागे सरली. मग दुसरे. सात पावले मागे गेली, तेव्हा कापराचा वास येईनासा झाला. पाठ कोठडीच्या भिंतीला लागली. भिंतीत एक दार होते. त्याला कुलूप नव्हते. बारा वर्षांत ते कोणी उघडायला गेलेच नव्हते, मग कुलूप कशाला?

भिवरेने दार उघडले आणि ती आत गेली.

पाटावर भानजी पाथरवट बसला होता, पांढऱ्या केसांचा, घोट्यांपर्यंत दगड झालेला. जन्मभर त्याने दगडांतून माणसे काढली होती. भिवरेने त्याचा हात आपल्या हातात घेतला. हात ऊन होता.

"कोण?" भानजीने विचारले.

"भिवरा कासारीण. तीन दाते मी फिरवले."

"आणि चौथा?"

"चौथा नाही."

दरबारात धोंडाप्पा एकटाच चक्रापाशी उरला होता. कृतांतक त्याच्या कानाशी गेला. "दोन्ही मुठी धरा. फिरवा." धोंडाप्पाने दोन्ही मुठी धरल्या. चिमाचे काळीज, भानजीचा जीव, सारे त्या म्हाताऱ्याच्या दोन हातांत आले. सूर्य कलायला लागला होता.

उघड्या दारातून भिवरा म्हणाली, "धोंडाप्पाकाका, इकडं बघा. एकदा बघा, मग काय ते करा."

धोंडाप्पाने पाहिले. भिंतीपलीकडे माणूस असतो हे त्याला ठाऊक होते, पण दिसला आज.

"राजासाठी हे आवश्यक आहे," कृतांतक म्हणाला. धोंडाप्पा हलला नाही. "तुम्हांला दुसरा मार्ग नाही!"

धोंडाप्पा हळूहळू बोलला. त्याला बोलायची सवय नव्हती. "महाराज, मागच्या खेपेला ही फिरवत होती म्हणून मी फिरवलं. आता ती तिथं जाऊन बसली. मी कोणाकडं बघून फिरवू?" आणि त्याने दोन्ही हात उचलले.

नगारचीच्या टिपऱ्या खाली पडल्या. "शिपायांनो, धरा यांना!" कृतांतक ओरडला. पहिल्या शिपायाने दुसऱ्याकडे पाहिले. दुसरा आधीच कमरेची तलवार सोडून भुईवर ठेवीत होता. मग पहिल्यानेही ठेवली. चोपदाराने चोप ठेवला. राखेची थाळी धरणाऱ्याने थाळी पालथी घातली. प्रत्येकाच्या वाट्याला विधीतले थोडेथोडेच काम होते, आणि प्रत्येकाने आपले थोडेथोडेच खाली ठेवले.

कृतांतक स्वतः चक्राशी धावला. मूठ धरली, जोर लावला, दात-ओठ खाल्ले. चक्र तसूभर हलले नाही. बारा वर्षे ते लोकांच्या हातांनी फिरले होते. त्याच्या हातात बळ कधी नव्हतेच. तो पुन्हा ओरडला, पण आवाज समईच्या वातीलाही हलवीना. मग राखाडी झगा भुईवर गळून पडला. चोपदाराने काठीने उचलून पाहिला. झग्यात कोणी नव्हते.

चक्र करकरले आणि उलटे फिरू लागले. तीन दाते फिरले, भानजीचे पाय सुटले. मग ते थांबेचना. बारा वर्षांच्या पौर्णिमा एकामागून एक उलगडल्या. अंगणात कोणी खोकले, कोणी जांभई दिली, कोणी आपल्या बायकोचे नाव घेऊन हाक मारली. उंबरावरून एक म्हातारा न्यायाधीश धोतर सावरीत उतरला. गावात बातमी गेली आणि माणसे धावत आली. दगड म्हणून ज्यांचे दिवस घातले होते, ती माणसे त्यांना कडकडून भेटली. त्या दिवशी त्या राज्यात जेवढे हसू झाले तेवढे त्याआधी झाले नव्हते, आणि जेवढे रडू झाले तेही गोडच होते.

राजा हिरण्यबाहू शिंकला आणि उठला. न्यायाधीशाने त्याला सारे सांगितले. राजाने ऐकले, मान खाली घातली, मग म्हणाला, "ते चक्र जाळून टाका."

कोणी हलले नाही. शेवटी चोपदार चाचरत म्हणाला, "का, महाराज?"

राजाला हा प्रश्न कधी कोणी केला नव्हता. त्याने चक्राच्या मुठीला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "ते माझ्या नावाने फिरले. मला उठवायला दुसऱ्याने दगड व्हावे, एवढा मी मोठा नाही."

"मग ठीक," चोपदार म्हणाला. कुऱ्हाडी आल्या. घटकाभरात सागवानाच्या ढलप्या झाल्या, आणि त्या जाळावर सगळ्या गावाचा भात शिजला.

भिवरा मात्र अंगणात चिमापुढे उभी होती.

चिमा म्हणाली, "भिवरे, तूच होतीस ना? 'थोडं सोस' म्हणालीस. मी ओळखलं तेव्हाच."

"मीच होते."

"मी ओरडले ते ऐकू आलं होतं?"

"आलं होतं."

"मग?"

भिवरेला पुष्कळ सांगता आले असते. राख, झगा, धोंडाप्पा, भिंत. तिने त्यातले काही सांगितले नाही. म्हणाली, "मग मी फिरवलं."

चिमाने मनगटावरच्या हिरव्या बांगड्या मागे सारल्या. मग म्हणाली, "माझे गुडघे अजून आखडलेत. नदीपर्यंत खांदा दे. एवढ्यात मी तुला माफ करीन असं समजू नकोस. पण खांदा तुझाच हवा."

भिवरेने खांदा दिला. दोघी सावकाश चालल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसे उभी राहिली, आणि कोणी सांगितले नसताना सगळ्यांनी त्यांना वाट करून दिली. सूर्य मावळायच्या आत चिमाची नाव पाण्यात होती, वल्हे चिमाच्या हाती होते आणि भिवरा समोर बसली होती.

भिवरेचा हात उशिरा थांबला. तुमचा आमचा वेळेवर थांबो.